उघडं लोखंड

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून कपाळाला आठ्या घातल्या असशील, त्या आधी काढ. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आई ठणठणीत आहे. हे पहिल्यांदा सांगते, नाहीतर पत्र संपेपर्यंत तू तेच शोधत बसायचास.

काम आहे. घरगाडी चालू करायची आहे.

हो, तीच. बाबांनी भंगारातून उचलून आणलेली, तू वायरिंग केलेली आणि मी रंगवलेली. आठ वर्षं शेडमध्ये धूळ खात उभी आहे. आता आईने फर्मान काढलंय. यंदा कोरड्या माळावर दोनदा पाऊस झाल्याचं तिने पेपरात वाचलं. म्हणजे मार्चच्या मध्याला तिथे पुन्हा फुलं येणार, त्या वर्षी आली होती तशी. दहा-बारा दिवस राहतील, की परत नुसती धूळ. आई म्हणाली, "मी ऐंशीची झाले. पुढच्या खेपेला मी नसेन. ह्यांचं बघायचं राहिलं, माझं तरी राहायला नको."

मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. तर म्हणे, "साडेसहाशे किलोमीटर बसून जाऊ? माझं कंबरडं मोडायचंय का तुला?" ते खरंच आहे. अर्ध्या तासाच्या वर तिला बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. आणि जिच्यात पलंग आहे अशी आपल्याकडे एकच गाडी.

काल शेडमधल्या प्लगला जोडली. आतले दिवे लागले, पंखा फिरला, मी म्हटलं वा! आणि चावी फिरवली, तर हूं नाही की चूं नाही. दिवे लागतात तर इंजिनाला काय धाड भरलीय? वायरिंग तुझं, तेव्हा तूच सांग. मागचं मी उकरत नाही. मी बोलले ते बोलले. बाबा पिशवी मांडीवर घेऊन दारात बसले होते आणि गाडी चालू झाली नाही, हे काही खोटं नाही.

आईने आशीर्वाद सांगितलाय.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

कार्ड मिळालं. ना 'ताई', ना 'आईला नमस्कार'. "घरातले दिवे वेगळ्या बॅटरीवर. इंजिनाची बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली. ती बदल. मग हेडलाइट लावून चावी फिरव, दिव्यांकडे बघ." बास. तार तरी बरी म्हणायची. पण आईने ते कार्ड चष्मा लावून तीनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं, एवढं तुला कळवते.

म्हणजे एकाच गाडीत दोन बॅटऱ्या, घराची एक आणि इंजिनाची एक! आणि मी शहाणी इतकी वर्षं समजत होते की दिवा लागला म्हणजे सगळीकडे वीज आहे. सीटखाली बघितलं तर बॅटरी मरून तिच्यावर हिरवट बुरा चढलेला.

हे एकटीचं काम नाही हे कळलं, म्हणून कवळी मिस्तरींना बोलावलं. तू गेल्यानंतर आळीच्या टोकाला त्यांचं गॅरेज निघालं. दात एकही नाही. काम करताना कवळी काढून वरच्या खिशात ठेवतात, त्यामुळे गाडीखालून काही सांगितलं की मला अर्धंच समजतं. माणूस मात्र हिरा आहे. आधी म्हणाले, "आठ वर्षं झोपलेल्याला एकदम धक्का द्यायचा नाही." टाकीतलं कुजलेलं डिझेल काढलं, तेल बदललं, आणि मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. फिरलं की रे! मी तोंडात बोट घातलं. मग नवी बॅटरी बसवली.

आणि मग त्यांनी तुझी पेटी उघडली, फ्यूजची.  खिशातली कवळी काढून तोंडात घातली, मला नीट ऐकू जावं म्हणून. "बाई, हे कुणी केलंय?" प्रत्येक वायरीला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तुझं ते मुंगीएवढं अक्षर. 'डावा इंडिकेटर.' 'पाण्याचा पंप.' 'आईच्या उशाचा दिवा.' म्हणाले, "चाळीस वर्षं गाड्या उघडतोय. आपल्यानंतर कुणीतरी ही पेटी उघडणार आहे, असा विचार करून काम करणारा माणूस पहिल्यांदा बघतोय." मी म्हटलं, माझा भाऊ. म्हणाले, "कुठे असतो?" मी म्हटलं, लांब.

मग हेडलाइट लावून चावी फिरवली. टक्. एकच टक्, आणि दिवे जराही मंदावले नाहीत.

तोच टक् रे, त्या सकाळचा. 

ताई


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं दुसरं कार्ड. "दिवे मंदावले नाहीत म्हणजे स्टार्टरपर्यंत जोर पोचत नाही किंवा स्टार्टर गेला. काढून बाहेर फिरवा." ह्या वेळी खाली 'आईची कंबर?' असे दोन शब्द जास्त होते. तिला वाचून दाखवले तर म्हणाली, "कंबर जागेवर आहे म्हणावं, तूच नाहीस."

मिस्तरी म्हणतात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर कशामुळे झाली ते देवालाही कळत नाही. मला एवढा धीर कुठला? मी म्हटलं, सगळंच नवं घाला ना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने चहा टाकायला गेले.

स्टार्टर काढला. वीतभर लांबीचं ते लोखंड, आणि त्याने एवढं धूड हलवायचं! फरशीवर पायाखाली दाबून धरलं आणि दोन तारा टेकवल्या, तर असं गरगरलं की मिस्तरींचा पाय सटकला. स्टार्टर उत्तम आहे. परत बसवला. टक्. बॅटरीची टोकं घासली, टक्. मिस्तरी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून ऐकत बसले, आमचे डॉक्टर छाती ऐकतात तसे. अर्धा तास. शेवटी म्हणाले, "वीज जातेय बाई. जाऊन तिला परत यायला वाट मिळत नाहीये. नुसती जाऊन भागत नाही, फिरून बॅटरीत यावी लागते, तरच काम होतं." मी पन्नास वर्षं बटणं दाबतेय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण म्हणतो वीज आली, वीज आली. ती परतही जाते, हे कुणाच्या ध्यानीमनी?

आई रोज दुपारी येऊन घरगाडीतल्या पलंगावर आडवी होते. सवय करतेय म्हणे. काल तुझा तो उशाचा दिवा लावला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होती. मला म्हणाली, "पोराने बटण बरोबर माझ्या हाताशी ठेवलंय. उठावं लागत नाही." मी पडदे झटकायला लागले.

ताई


२८ फेब्रुवारी

चालू झाली! धाकट्या, गाडी चालू झाली!

आज सकाळी अकरा वाजता. काय सांगू तुला. आधी एक धाप, मग दुसरी, मग सगळी शेड हादरली, पत्र्यावरची धूळ आमच्या डोक्यावर पडली, मागून काळा लोट निघाला, आणि मग ती एका लयीत बोलायला लागली. आठ वर्षं मेलेली वस्तू! मी मिस्तरींचे हात धरून नाचले. ह्या वयात, शेजाऱ्यांसमोर. आई काठी टेकत आली आणि बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहिली. "गरम होतंय," म्हणाली, एवढंच. मिस्तरींनी डोक्याची टोपी काढली. रोज गाड्या चालू करणारा माणूस, त्यालाही टोपी काढावीशी वाटली.

कुठलंसं कनेक्शन धरत नव्हतं. ते नीट केलं. आता ठीक आहे.

आम्ही १४ तारखेला निघतो. माळाच्या अलीकडे नव्वद किलोमीटरवर तुझं गाव लागतं, हे मला माहीत आहे. आई म्हणते तूही चल. मी काही म्हणत नाही, तुझं तू ठरव.

ताई


८ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. त्यावर एकच शब्द. "कुठलं?"

मला वाटलंच होतं. दुसरा कुणी असता तर 'अभिनंदन' लिहिलं असतं. तू कनेक्शन विचारणार. चार दिवस कार्ड डब्याखाली दडपून ठेवलं. दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की मिस्तरींना नक्की कळलं नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं की उंदरांनी खाल्लं. आता खरं लिहिते.

मिस्तरींनी एक जाड तार घेतली. एक टोक बॅटरीच्या उण्या बाजूला, दुसरं थेट इंजिनाच्या अंगाला. चावी फिरवली आणि गाडी चालू झाली. तार काढली की टक्, लावली की चालू. मग ते खाली शिरले आणि इंजिनावरून गाडीच्या सांगाड्याला येणारी ती विणलेल्या तांब्याची पट्टी आहे ना, तिचा बोल्ट काढला. पट्टी बाजूला केली, टॉर्च मारून मला म्हणाले, "बाई, खाली वाकून बघा."

पट्टीखाली रंग होता. निळा. खाली तांबडं अस्तर, वर निळ्याचे दोन हात, कडेला बोटाने पुसून घेतलेला. एवढा नितळ रंग सांगाड्याच्या पोटाला, जिथे कुत्रंही बघणार नाही, तिथे कोण मारतं? मिस्तरी हसत म्हणाले, "रंगाऱ्याचा हात कमाल आहे हो. बोल्टच्या पेचातून दिव्यापुरती वीज जात होती. पण स्टार्टरला लोंढा लागतो, त्याला ह्या रंगाने बांध घातला. कुणी मारला?" मी म्हटलं, माहीत नाही.

धाकट्या, मी मारला.

निघायच्या आदल्या दुपारी. तू गॅसची टाकी आणायला गेला होतास. मी शेवटचा हात फिरवायला खाली शिरले, तर पट्टीभोवती रुपयाएवढं लोखंड उघडं, लख्ख घासलेलं. मला वाटलं, बघा, ह्याचा आळशीपणा! एवढी जागा रंगवायची विसरला. आपल्या घरात उघडं लोखंड कुणाला बघवतं? ट्रक रंगवणाऱ्या बाबांनी लहानपणापासून काय शिकवलं, गंज चढायच्या आत रंग चढला पाहिजे. मी बोल्ट काढला, पट्टी सरकवली, झकास रंगवलं, सकाळी वाळल्यावर परत आवळलं. मनात म्हटलंसुद्धा, ताई आहे म्हणून चाललंय ह्या घराचं.

ते तू मुद्दाम घासलं होतंस. लोखंडाला तांबं उघडंच भिडावं म्हणून. आणि त्या सकाळी तू सगळी गाडी उलटीपालटी केलीस, ती एक जागा सोडून. तिथे बघायचं कारणच नव्हतं. ती तू स्वतःच्या हाताने केली होतीस.

केसाएवढा पातळ थर रे. मी तो नखाने खरवडून हातावर घेतला, फुंकर मारली तर उडाला. एवढ्याशा पापुद्र्याने बाबांचं जाणं थांबलं. चार महिन्यांनी ते गेले ते तो माळ न बघता. आणि मी सगळ्यांच्या देखत, काका, मावशी, अख्ख्या गोतावळ्यासमोर म्हटलं की ह्याच्या वायरिंगने बाबांची शेवटची इच्छा मारली. तू एक शब्द उलट बोलला नाहीस. चप्पल घातलीस आणि गेलास. मला तेव्हा वाटलं, बोलेल कसा, चोराच्या मनात चांदणं. चोर मीच होते.

आईला परवा सांगितलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "मला काय सांगतेस? ज्याचं आहे त्याला सांग."

सांगितलं.

ताई


१६ मार्च, माळावरून

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. १४ तारखेच्या दुपारपर्यंत वाट पाहिली, मग निघालो. तुझ्या गावावरून आलो तेव्हा आई जागी होती. "थांबू या?" म्हणाली. माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही. कुठलं तोंड घेऊन थांबू?

हे तुला कसं लिहू? मी रंगांत जन्म काढला. दोनशे छटा नावानिशी सांगेन. इथे पहिल्या वळणावर गाडी आली आणि मला एकाचंही नाव आठवेना. जिथवर नजर जाईल तिथवर जांभळं, मग पिवळं, मग पांढरं, आणि वाऱ्याने सगळं एकत्र हलतं. गाडी रस्त्यात उभी केली. मागची गाडीसुद्धा थांबली आणि कुणी हॉर्न वाजवला नाही. शंभर-दीडशे माणसं आहेत इथे, आणि सगळी हळू आवाजात बोलतात. परवापर्यंत ही जमीन म्हणजे करपलेला तवा होती. बी आठ वर्षं मातीत पडून राहतं म्हणे, आणि पाण्याची बरोबर मात्रा मिळाली तरच उठतं. कमी मिळालं तर उठत नाही. त्याला ते मोजता येतं! मी खाली बसून एक फूल पाहिलं. मोहरीएवढं. त्याला पाच पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर तीन रेघा, मला ब्रशचा एकच केस घेऊनही जमणार नाहीत अशा.

आईला खुर्चीत बसवलं. पदराने डोळे पुसत होती आणि मधेच हसत होती. "ह्यांना इथे एकही काम मिळालं नसतं बघ," म्हणाली. "रंगाचे डबे घेऊन आले असते आणि कुठे काही रंगवायला जागाच नाही. जरा तरी गप्प बसले असते." मग म्हणाली, "धाकटा असता तर." 

आज तिने दिवसभरात एकदाही कंबर दुखते म्हटलं नाही.

ताई


१८ मार्च, तुझ्या गल्लीतून

धाकट्या,

आलो आम्ही. ह्या वेळी थांबले. सकाळी नऊला तुझं दार वाजवलं, कुलूप. कोपऱ्यावर विजेच्या सामानाचं दुकान दिसलं. म्हटलं, इथे माझ्या भावाला ओळखत असणारच. विचारलं, वायरमन कुठे गेलेत?

दुकानदार म्हणाला, "वायरमन? ते गोदामात खोकी मोजतात. वायरीला हात लावत नाहीत ते. मागे आमचा पंखा लावून द्या म्हटलं, तर म्हणाले, माझ्या कामाचा भरवसा नाही, दुसऱ्याला बोलवा. खोलीतला बल्ब गेला तरी माणूस बोलावतात."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून गेलास. तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलास. ज्या हातांसाठी मिस्तरींनी कवळी घातली, ते हात तू आठ वर्षं खिशात ठेवलेस, कारण ताई म्हणाली.

माफी मागायला मला येत नाही, तुला ठाऊक आहे. येतं ते एकच काम. रंगाचे डबे गाडीत होतेच. तेव्हा गाडीची पाठ तुझ्या दाराच्या बाजूला केली आणि मागचा अख्खा पत्रा पांढरा केला. ऊन लागून वाळल्यावर वीतभर उंचीची अक्षरं काढली, तांबडी, काळ्या सावलीची, ट्रकवर बाबा काढायचे त्या वळणाची:

ही गाडी आठ वर्षं बंद होती.
चूक मोठ्या बहिणीची.
वायरिंग धाकट्या भावाचं. एकदम चोख.

गल्ली जमली होती. दुकानदार मोठ्याने वाचून दाखवत होता. एका बाईने विचारलं, "हे असंच ठेवणार?" म्हटलं, हो. असंच घेऊन काकांच्या दारात जाणार, मावशीच्या जाणार, त्या दिवशी जे जे तिथे होते त्या सगळ्यांच्या दारात जाणार. बोलले मोठ्याने होते, तर फेडायचंही मोठ्याने. तू नको म्हणालास तरी पुसणार नाही. माझा रंग सहजासहजी निघत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आता हे पत्र तुझ्या दाराखाली सरकवणार होते. पण आई पलंगावर आडवी पडून मागच्या खिडकीतून बघतेय, आणि मला म्हणाली, "थांब. आला."

हातात जेवणाचा डबा आहे, म्हणते. अंगाने वाळलाय, म्हणते. केस पांढरे झाले, म्हणते. मला मान वर करायचा धीर होत नाही, म्हणून लिहितेच आहे. थांबलास, म्हणते. वाचतोयस.

अजून वाचतोयस.

डबा खाली ठेवलास, म्हणते. पत्र्याला हात लावतोयस.

रंग ओला आहे रे अजून. हाताला लागेल. थांब, मी उतरते.